सेल अ‍ॅमस्टरडॅम : गर्दीतून जहाजाच्या कठड्यापर्यंत

सेल अ‍ॅमस्टरडॅम हा शिडाच्या जहाजांचा मेळा दर पाच वर्षांनी भरतो. पहिला भरला १९७५ साली, शहराला ७०० वर्षं झाली म्हणून. २०२० चा कोविडने बुडवला. त्यामुळे २० ते २४ ऑगस्ट २०२५ च्या मेळ्याला लोक दहा वर्षांची वाट बघून आले होते, आणि त्यात शहराचं ७५० वं वर्ष. पाच दिवसांत वीस लाखांच्या वर माणूस. आषाढीचं पंढरपूर पाहिलेल्याला या गर्दीचं नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे गर्दीच्या एका अंगाला कायम पाणी असतं. सरकायला जागा दुसऱ्याच अंगाला.

दिवसभर चालून, मोबाइल फोटोंनी भरून, एकही जहाज धड न बघता परतणारे इथे खूप दिसतात. पन्नासएक मोठी जहाजं आणि शेकड्यांनी लहान नावा एका दमात बघायला गेलं की असंच होतं. म्हणून आमची आखणी साधी होती. बुधवारची मिरवणूक एका जागी उभं राहून बघायची, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन मोजकीच जहाजं आतून बघायची, शनिवारी घरी बसायचं, आणि रविवारी जहाजं निघताना पुन्हा काठावर जायचं. ही आखणी जमली, आणि त्यातलं काय का जमलं ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

मिरवणुकीचा रस्ता आधी समजून घ्यावा. जहाजं उत्तर समुद्रावरून एयमाउडनला येतात, तिथल्या लॉकमधून (म्हणजे दोन्हीकडे दारं असलेल्या, पाण्याची पातळी जुळवणाऱ्या कोठीतून) आत शिरतात आणि कालव्याने शहरातल्या एय नावाच्या पाण्यात उतरतात. हा कालवा १८७६ साली खुला झाला. एयमाउडनचं सगळ्यात नवं लॉक २०२२ चं : ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद, १८ मीटर खोल. लॉक असल्यामुळे आतल्या पाण्याला भरती-ओहोटी नाही. ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटते, पण जहाजावर चढताना तिची किंमत कळते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, तिथे दुपारची सपाट शिडी संध्याकाळी छातीवर येते. अ‍ॅमस्टरडॅमला सकाळी जी शिडी जशी लावली तशीच ती रात्रीपर्यंत राहते. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर हा मेळा त्या मानाने सोपा आहे.

दुसरी गोष्ट : समुद्रापासून शहरापर्यंत या कालव्यावर एकही पूल नाही. गाड्या आणि आगगाड्या पाण्याखालच्या बोगद्यांतून जातात, बाकीच्यांना फेरीबोट. म्हणूनच ४६ मीटर उंच डोलकाठीचं जहाज शहराच्या मध्यापर्यंत येऊ शकतं. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कला मेक्सिकोच्या नौदलाचं 'क्वाउतेमोक' हे जहाज ब्रुकलिन पुलाला धडकलं, तिन्ही डोलकाठ्यांची टोकं मोडली आणि दोन तरुण खलाशी जिवानिशी गेले. ते दृश्य पाहिल्यावर बिनपुलाच्या कालव्याचं मोल कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मिरवणूक शहरात बघायची की कालव्यावर? आमचं मत ठाम आहे : पहिल्यांदा जाणाऱ्याने कालव्यावर बघावी. हार्लेमहून उत्तरेला जाणाऱ्या गाडीने ड्रीहाउस स्टेशनला उतरायचं आणि अर्धा तास चालत व्हेल्सनच्या दक्षिण काठाला जायचं. दक्षिण काठ मुद्दाम, कारण तिथे ऊन पाठीवर येतं आणि जहाजं उजळलेली दिसतात. समोरच्या काठावरून सगळं काळं दिसतं. जहाजं डावीकडून उजवीकडे जातात. पहिलं असतं 'स्टाड अ‍ॅमस्टरडॅम', २००० साली बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं क्लिपर, लांबी ७६ मीटर. मिरवणुकीचा वेग पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी दहाएक किलोमीटर. व्हेल्सनला दिसलेलं जहाज शहरात पोचायला दोन तास तरी घेतं. त्यामुळे सकाळी कालव्यावर बघून, गाडी पकडून, तेच जहाज शहरात पुन्हा गाठता येईल असं वाटतं. आम्ही तो नाद केला नाही, कारण त्या वेळेला मुख्य स्टेशनच्या मागचा काठ माणसांनी गच्च असतो आणि मिरवणूक चालू असताना फेरीबोटींचाही भरवसा नसतो.

पहिल्यांदा आलेल्यांची हमखास निराशा होते ती शिडांवरून. चित्रातल्यासारखी फुगलेली शिडं बघायला लोक येतात आणि जहाजं इंजिनावर चालत येतात, शिडं परबाणांवर, म्हणजे डोलकाठीला शीड टांगायच्या काठ्यांवर, घट्ट बांधलेली. यात कोणाचा आळस नाही. आडव्या परबाणांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साठ अंशांच्या आत शिरू शकत नाही. कालवा पाव किलोमीटरभर रुंद, आजूबाजूला होड्यांची दाटी, आणि हजार टनांच्या वरचं जहाज ब्रेक लावल्यासारखं थांबत नाही. वारा मागून आणि हलका असेल तर पुढची दोन-तीन तिकोनी शिडं किंवा वरचं एखादं शीड उघडतात, तेवढंच. फुगलेली शिडं बघायची असतील तर ती बाहेर समुद्रावर, बंदरात नव्हे. बंदरात बघायची असतात ती जहाजाची बांधणी आणि माणसं. काही देशांच्या नौदलांचे कॅडेट बंदरात शिरताना परबाणांवर ओळीने उभे राहतात, हात पसरून, कमरेचा पट्टा दोराला अडकवलेला. वीस-तीस मीटर उंचीवर पायाखाली फक्त एक लोंबता दोर असतो. ते बघताना काठावरची गर्दी आपोआप गप्प होते. सलामीच्या तोफा मात्र न सांगता उडतात. लहान मूल कडेवर असेल तर कानाला झाकण सोबत ठेवावं.

आता शहरातली बाजू. मुख्य धक्के आहेत एयहाव्हनमध्ये, स्टेशनच्या पूर्वेला. उत्तरेला जावा बेट, दक्षिणेला व्हेमकाडेचा काठ, मध्ये जहाजं. डच आगबोटी इथून पूर्वेला जात, त्यावरून जावा हे नाव. दोन्ही काठांना जोडणारा यान स्खाफर पूल २००१ साली बांधला तेव्हाच त्याचा मधला भाग काढता येईल असा केला, कारण मेळ्याची जहाजं आत घ्यायची होती. याचा व्यवहारातला अर्थ असा : नकाशात दिसणारा पूल मेळ्यात धरायचा नाही. व्हेमकाडेवरून समोरच्या जावा बेटावर जायला पूर्वेकडून मोठा वळसा पडतो, गर्दीत तासाच्या वर. म्हणून एका दिवशी एकच काठ. दोन्ही काठ एका दिवसात करायला निघालेली कुटुंबं दुपारी तीनला फूटपाथवर बसलेली आम्ही पाहिली.

दिशेचा हिशोब इथेही तोच. व्हेमकाडेवरून बघताना ऊन पाठीशी, फोटो स्वच्छ. जावा बेटाच्या दक्षिण काठावरून उन्हाकडे तोंड, तिथून संध्याकाळी डोलकाठ्यांच्या आणि दोरांच्या जाळ्याच्या काळ्या आकृत्या सुंदर येतात. ऑगस्टच्या विसाव्या तारखेला तिथे सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो, तेव्हा घाई नसते.

पोचायला आम्ही मेट्रो वापरली. ५२ क्रमांकाची मेट्रो २०१८ साली सुरू झाली आणि ती एयच्या खालून उत्तरेला जाते. २०१५ च्या मेळ्यात ती नव्हती आणि २०२० चा मेळाच झाला नाही, त्यामुळे मेळ्याला तिचा उपयोग पहिल्यांदा झाला तो २०२५ मध्ये. अ‍ॅम्सटलव्हेनला मराठी घरं बरीच आहेत. तिथून २५ नंबरच्या ट्रामने झाउद स्टेशन आणि तिथून ५२, हा सरळ मार्ग. एयच्या उत्तर काठावर जायचं असेल तर मुख्य स्टेशनला न उतरता पुढे नोर्डरपार्कला उतरून चालत पाण्यापर्यंत यावं. मुख्य स्टेशनच्या मागचा फेरीचा धक्का टळतो, आणि सगळ्यात जास्त कोंडी तिथेच होते. बँकेचं कार्ड दारात टेकवून प्रवास करता येतो, पण एका कार्डावर एकच माणूस. नवराबायकोने एकच कार्ड दोनदा टेकवलं तर दुसऱ्यांदा टेकवलेलं 'उतरलो' असं धरलं जातं. जाताना टेकवलं तेच कार्ड, त्याच मोबाइलने किंवा घड्याळाने, येताना टेकवायचं. गर्दीत हा गोंधळ हटकून होतो.

दुपारी बारा-एकनंतर मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवून ठेवावी, आणि जागा म्हणून जहाजाचं नाव सांगू नये. गर्दीत जहाजाचं नाव सहज दिसत नाही. इमारत किंवा पुलाचं टोक सांगावं. मुलांच्या मनगटावर पेनाने फोन नंबर. गर्दी वाढली की काठावरून एकाच दिशेने चालवतात, मागे फिरता येत नाही. त्यामुळे स्वच्छतागृह दिसलं की जायचं, पुढच्याची वाट बघायची नाही.

जहाजावर चढण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मेळ्याचा खरा जीव तिथेच आहे. बरीच जहाजं ठरलेल्या वेळांत लोकांना फुकट आत घेतात. शिडीच्या तोंडाशी एक खलाशी मोजणीचं बटण घेऊन उभा असतो. ठरलेली माणसं आत गेली की दोरी, मग जितके उतरतील तितके वर. त्यामुळे रांगेची लांबी बघून काही कळत नाही, उतरणाऱ्यांचा वेग बघावा. चार-पाच मिनिटं उभं राहून मोजलं की आपला नंबर कधी येईल ते कळतं. आम्ही गुरुवारी उघडायच्या वेळेआधी अर्धा तास उभे होतो आणि पहिल्याच खेपेला आत गेलो. तीच रांग दुपारी दीड तासाची झाली. एका जहाजाने तर रांग लागलेली असताना शिडी बंद केली, कारण संध्याकाळी डेकवर पाहुण्यांचा समारंभ होता. म्हणून दुपारनंतर रांगेत उभं राहण्याआधी शेवटचा प्रवेश कधी, ते शिडीवरच्या माणसाला विचारून घ्यावं. ढकलगाडी, उंच टाचा आणि मोठी पाठपिशवी वर नेऊ देत नाहीत. टाचेचं कारण खाली बघितलं की कळतं. डेक लाकडी फळ्यांचा, दोन फळ्यांमधल्या सांध्यात तंतू ठोकून वरून डांबरासारखा काळा थर ओतलेला. उन्हात तो थर मऊ होतो, टाच रुतते, आणि एकदा सांधा उघडला की पाणी खालच्या खोलीत ठिबकतं.

वर गेल्यावर लोक सुकाणूच्या चाकाकडे धावतात, फोटोसाठी. तिकडे मागाहून जावं. आधी मुख्य डोलकाठीच्या पायथ्याशी, कठड्याजवळ उभं राहावं. तिथे कमरेच्या उंचीवर एक जाड लाकडी पट्टी असते आणि तिच्या भोकांत हातभर लांबीच्या खुंट्या खोचलेल्या असतात. प्रत्येक खुंटीवर एक दोर, इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळलेला, उरलेला दोर वेटोळं करून वर टांगलेला. मोठ्या जहाजावर असे दोर शंभराच्या वर असतात आणि कोणावरही नाव लिहिलेलं नसतं. खलाशी ते जागेवरून ओळखतो. वरच्या शिडांचे दोर कुठे, खालच्यांचे कुठे, याचा क्रम ठरलेला असतो आणि रात्री, पावसात, हातानेच चाचपून तो ओळखायचा असतो. आणि खुंटी पक्की न ठोकता नुसती खोचलेली का? अडचणीच्या वेळी वेढे सोडत बसायचे नाहीत, खुंटी वर उपसली की सगळे वेढे एकदम सुटतात. हे आम्हाला एका कॅडेट मुलीने करून दाखवलं. तिने जाड दोराचे आठ वेढे घातले, खुंटी ओढली आणि दोर सळकन मोकळा. दाखवायला म्हणून वेगळी रिकामी खुंटी होती. कामाच्या खुंट्यांना पाहुण्याने बोटही लावायचं नाही, वर त्या दोराला शेकडो किलोंचं परबाण लटकलेलं असू शकतं.

मग नजर दोराबरोबर वर न्यायची. वरती तारांवर जागोजागी मोठ्या मुंगसाच्या शेपटीसारखे झुबके दिसतात. ती सजावट नव्हे. जुन्या दोराचे तुकडे उसवून, विणून ते केलेले असतात, शीड तारेवर घासून फाटू नये म्हणून. जहाज काम करणारं आहे की नुसतं बंदरात बांधून ठेवलेलं, ते या झुबक्यांवरून लगेच कळतं. झिजलेले, उन्हाने पांढरे पडलेले असतील तर जहाज समुद्रावर जातं. तसंच डोलकाठीला बाजूंनी आवळणारे दोर खाली कसे ताणलेत ते बघावं. तीन भोकांच्या लाकडी गोल ठोकळ्यांच्या जोड्या आणि त्यांतून ओवलेली दोरी असेल तर जुनी रीत, लोखंडी पेचाच्या ताणण्या असतील तर नंतरची. तेलकट, धुरकट वास येतो तो पाइनच्या डांबराचा. दोर कुजू नयेत म्हणून ते लावतात.

जहाजाची जात ओळखायला एकच खूण पुरते : मागची डोलकाठी बघा. तिन्ही काठ्यांना आडवी परबाणं असतील तर पूर्ण शिडांचं 'शिप', जसं 'स्टाड अ‍ॅमस्टरडॅम'. मागचीला परबाणं नसतील, नुसतं जहाजाच्या लांबीच्या रेषेत लावलेलं शीड असेल, तर 'बार्क'. फक्त पुढचीलाच असतील तर 'बार्कन्टाइन'. दोनच काठ्या आणि दोन्हींना परबाणं, तर 'ब्रिग'. मागच्या काठीची परबाणं काढली की वर चढणारी माणसं कमी लागतात, म्हणून बार्क टिकून राहिलं. आपल्या नौदलाचं 'तरंगिणी' हेही बार्कच. गोव्याच्या शिपयार्डात बांधलेलं, १९९७ साली नौदलात आलेलं, २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेलं. 'सुदर्शिनी' तिची धाकटी बहीण, तीही गोव्याचीच.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मराठी माणसाला हे जहाज वाचायला इंग्रजी शब्दकोश लागत नाही. डोलकाठी, परबाण, शीड, नाळ (जहाजाचं पुढचं टोक), सुकाणू, नांगर, तांडेल (खलाशांचा म्होरक्या) हे शब्द कोकणच्या किनाऱ्याने जपून ठेवले आहेत आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडतात. फरक परबाणाच्या बसण्यात आहे. आपल्या गलबताचं परबाण लांब आणि तिरपं, वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा तर अख्खं परबाण डोलकाठीच्या पलीकडे फिरवावं लागतं. युरोपी जहाजाचं परबाण आडवं, मध्यावर अडकवलेलं, दोन टोकांच्या दोरांनी जागच्या जागी वळतं. आपल्या मुलांना हे काठावर उभं राहून आपल्याच शब्दांत सांगता येतं.

मोठ्या जहाजांच्या मागे लोक डच लहान नावांकडे वळूनही बघत नाहीत, आणि ते फार चुकतं. सपाट तळाच्या या नावांच्या दोन्ही अंगांना पंख्यासारख्या जाड फळ्या लटकलेल्या असतात. इथलं पाणी उथळ, खोल कणा चालत नाही. मग नाव वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून वाऱ्याच्या पलीकडची फळी पाण्यात सोडतात. त्यांची शिडं तांबूस-तपकिरी असतात. सुती कापड कुजू नये म्हणून ते काढ्यात उकळून घेत. पूर्वी झाडाच्या सालीचा काढा वापरत, पुढे आशियातून आलेला कात. विड्यात घालतो तोच खैराचा कात. आता कापड कृत्रिम धाग्याचं असतं, रंग मात्र तोच ठेवला आहे.

गर्दीचा कंटाळा आला की चालत नौकानयन संग्रहालयाकडे जाता येतं. १६५६ सालची वखार, आणि तिच्या धक्क्याला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या 'अ‍ॅमस्टरडॅम' जहाजाची प्रतिकृती. मूळ जहाज पहिल्याच सफरीत १७४९ साली इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ रुतलं, मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या अजून दिसतात. याच कंपनीची वखार वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष पाहिलेल्याने ही प्रतिकृती जरूर बघावी. खालच्या मजल्यावर माणसाला ताठ उभं राहता येत नाही, आणि त्या उंचीत आठ-आठ महिने काढून लोक पूर्वेला पोचत.

रविवारी जहाजं निघाली. तेव्हा गर्दीचं लक्ष डोलकाठ्यांकडे असतं. आम्ही धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांजवळ थांबलो. आधी उंदीर चढू नयेत म्हणून दोरांवर बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या निघाल्या. मग पुढचे आणि मागचे दोर सुटले. सगळ्यात शेवटी सुटला तो तिरका दोर, जो नाळेजवळून मागच्या खुंटाकडे जातो. त्याच्यावर ताण देऊन, इंजिन हलकेच पुढे घेऊन, जहाजाचा मागचा भाग काठापासून बाहेर ढकलतात. तो दोर सुटल्यावर त्याचं टोक पाण्यात पडलं, दोन मुलांनी ते हातोहात वर ओढून घेतलं, आणि धक्का आणि जहाज यांच्यात हातभर पाणी दिसायला लागलं.